वाचन-शिक्षणाचे संकल्प : सहामाही हजेरी

पानखूण

जुलै उजाडला. जानेवारीत (काहींनी पाडव्याला) केलेल्या संकल्पांचा हिशेब मांडायची हीच वेळ, कारण आत्ता दुरुस्ती करता येते. डिसेंबरात फक्त हळहळ करता येते.

इथे लिहिताना चारच गोष्टी द्या: संकल्प काय, तो कशात मोजताय (पानं, तास, ओव्या, धडे), आज कुठे आहात, आणि वर्षअखेर कुठे पोचायचंय. "बरं चाललंय" हे उत्तर धरलं जाणार नाही.

हिशेबाची रीत अशी. १ जुलै ते ३१ डिसेंबर म्हणजे १८४ दिवस. त्यात गणपती, नवरात्र, दिवाळी, पाहुणे, ताप-सर्दी सगळं येणार. म्हणून पाचातला एक दिवस सोडून द्या, उरले १४७. राहिलेलं काम भागिले १४७ ही तुमची लागणारी गती. झालेलं काम भागिले १८१ ही आजवरची गती. लागणारी गती आजवरच्या दीडपटीच्या आत असेल तर संकल्प तसाच ठेवा. दीडपटीच्या वर गेली तर संकल्प बदला, स्वतःला बदलायच्या फंदात पडू नका.

नमुना: वर्षाला ६००० पानं ठरवली होती, झाली १९००. आजवरची गती रोज साडेदहा पानं. राहिलेली ४१०० भागिले १४७ म्हणजे रोज २८. ही अडीचपटीच्याही वर, होणार नाही. दीडपट धरली तर रोज पावणेसोळा पानं, १४७ दिवसांत २३०० च्या आसपास, म्हणजे वर्षाचा नवा आकडा ४२००. तो आजच वहीत लिहा आणि जुना खोडा.

---

ओवी_एक

छान धागा. ज्ञानेश्वरी वर्षात पूर्ण वाचायची आहे, सार्थ प्रतीवरून. जूनअखेर नववा अध्याय संपला. अठरांपैकी नऊ, म्हणजे वेळेत आहे असं धरायचं ना?

---

तळटीप

नाही हो. इथेच बहुतेक जण फसतात. ज्ञानेश्वरी अध्यायांत मोजायचीच नाही, ओव्यांत मोजायची. प्रचलित प्रतीत अध्यायवार ओव्या अशा (प्रतीनुसार चार-दोन पुढेमागे):

१ : २७५, २ : ३७५, ३ : २७६, ४ : २२५, ५ : १८०, ६ : ४९७, ७ : २१०, ८ : २७१, ९ : ५३५, १० : ३३५, ११ : ७०८, १२ : २४७, १३ : ११७०, १४ : ४१५, १५ : ५९८, १६ : ४७३, १७ : ४३३, १८ : १८१०. एकूण ९०३३.

पहिल्या नऊ अध्यायांची बेरीज २८४४. म्हणजे साडेएकतीस टक्के. तेरावा आणि अठरावा हे दोनच अध्याय मिळून २९८०, पहिल्या नवांपेक्षा जास्त! ग्रंथाचा खरा मध्य तेराव्या अध्यायात ३८२व्या ओवीच्या आसपास येतो. "महिन्याला दीड अध्याय" अशी वाटणी करणारे लोक मेपर्यंत खुशीत असतात आणि सप्टेंबरात तेराव्याच्या दारात अडकतात. आळस नसतो तो, वाटणीच चुकलेली असते.

पानखूण यांच्या रीतीने तुमचा हिशेब: राहिल्या ६१८९ ओव्या, भागिले १४७ म्हणजे रोज ४२. आजवरची गती रोज पावणेसोळा. जमणारं नाही. रोज २५ धरा. २४८ वाचनाचे दिवस लागतील, पाचातला एक सोडला तर ३१०, म्हणजे पुढच्या मेचा पहिला आठवडा. उद्दिष्ट सरळ पुढची आषाढी ठेवा, हाताशी थोडे दिवसही राहतील. वर्ष डिसेंबरलाच संपलं पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आता वाचायचं कसं, कारण गती त्यावरही अवलंबून आहे. सार्थ प्रतीत लोक आधी खालचा अर्थ वाचतात, मग ओवीवरून नजर फिरवतात. असं केलं की डोक्यात टीकाकाराचं गद्य राहतं आणि ओवी तशीच राहून जाते. क्रम उलटा हवा: गीतेचा श्लोक, मग त्याखालच्या ओव्यांचा गट मोठ्याने, मग अडलेल्या ओव्यांपुरता अर्थ, मग तो गट पुन्हा एकदा मोठ्याने. पंचवीस ओव्यांना अर्धा-पाऊण तास.

अडतं कुठे? दृष्टान्तांच्या माळेत. "जैसें" ने एक दृष्टान्त सुरू होतो, "कां" ने दुसरा, "ना तरी" ने तिसरा, आणि कधी पाच-सहा दृष्टान्त झाल्यावर "तैसें" येतं. मुद्दा त्या "तैसें" च्या ओवीत असतो. वाचणारा तिसऱ्या दृष्टान्तातच मूळ कर्ता विसरलेला असतो. उपाय सोपा: गट वाचायच्या आधी पेन्सिलीने पुढचं "तैसें" शोधून समासात रेघ मारा. काय सांगायचंय ते आधी बघा, मग मागे येऊन दृष्टान्त वाचा. तेरावा अध्याय या एका रेघेने निम्मा सोपा होतो, कारण तिथे ज्ञानाच्या एकेका लक्षणावर लांबच लांब माळा आहेत. एकट्या अहिंसेवरच केवढं लिहिलंय ते पाहा.

शब्दांसाठी तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोशही तिथेच आहेत. पहिल्यात अर्थ इंग्रजीत आहेत, पण ज्ञानेश्वरीसाठी तोच उघडा. दर ओवीला मात्र उघडू नका, गट संपल्यावर तीनच शब्द पाहायचे असा नियम ठेवा.

---

घाटावरचा

तळटीप, ओव्यांचा तक्ता अप्रतिम. वाचनखूण साठवली.

ज्यांचं या वर्षी काहीच सुरू झालेलं नाही त्यांच्यासाठी: दासबोध घ्या. तो वाटणीला फार सोयीचा ग्रंथ आहे. २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २०० समास, ७७५१ ओव्या. म्हणजे समासाला सरासरी ३९ ओव्या. भाषाही ज्ञानेश्वरीपेक्षा साडेतीनशे वर्षांनी जवळची. आजपासून रोज एक समास आणि सोळा रविवारी दोन-दोन केले तर ३१ डिसेंबरला संपतो. हे १८४ दिवसांत बसवलेलं आहे, १४७ त नाही. १४७ धरलं तर आठवड्यात एखाददुसऱ्या नव्हे, दर तीन दिवसांतल्या निदान एका दिवशी दोन समास घ्यावे लागतील. पहिल्या दशकात स्तवनंच आहेत, ती भराभर जातात. त्या गतीवर पुढचा अंदाज बांधू नका.

---

गुरुवारची_लोकल

माझं प्रकरण वेगळं. ५२ पुस्तकं ठरवली होती, आठवड्याला एक. आकडा निम्म्याच्याही खूप खाली आहे. हल्ली नवीन पुस्तक निवडताना आधी त्याची जाडी बघितली जाते हे लक्षात आलंय. काय करावं?

---

शाईचा_डाग

जाडी बघितली जाणारच. एकक पुस्तक असेल तर ९० पानी ललितलेखांची वही आणि ७०० पानी चरित्र दोघांना एकच गुण. मग जाड पुस्तक घेणं हा तोट्याचा व्यवहार होतो. ५२ चा आकडा लोकांना पातळ पुस्तकांकडे ढकलतो, आणि ज्यासाठी संकल्प केला ती मोठी पुस्तकं कपाटातच राहतात.

एकक पान ठेवलं तर थोडं सुधारतं, पण मराठी पुस्तकांची पानं सारखी नसतात. डेमी आकाराच्या पानावर मध्यम टाइपात अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. जुन्या बारीक टाइपाच्या आवृत्तीत चारशेच्या घरात जातात, कवितासंग्रहात पन्नासही नसतात. मोजायचं असेल तर पुस्तकाच्या मधलं भरलेलं पान उघडा, पाच ओळींचे शब्द मोजून सरासरी काढा, पानातल्या ओळींनी गुणा. दोन मिनिटांचं काम.

सगळ्यांत बरं एकक म्हणजे तास. आधी आपली गती काढा, आणि ती पुस्तकागणिक वेगळी काढा: पुस्तक मधूनच उघडायचं (पहिली वीस पानं नेहमी हळू जातात), वीस मिनिटांचा गजर लावायचा, नेहमीसारखं वाचायचं, पानं मोजून तिनाने गुणायची. कादंबरी तासाला ३५-४० पानं गेली तरी वैचारिक ग्रंथ १५ वर येतो, आणि त्यात काही वाईट नाही. ४८० पानी ग्रंथ, तासाला १५, म्हणजे ३२ तास. रोज ४० मिनिटं दिली तर ४८ दिवस. आता हे पुस्तक आठवड्यात संपेल असं कुणी ठरवलं असेल तर ते मोडणारच.

तुमच्यासाठी थेट: ५२ सोडा. डिसेंबरपर्यंत ९० तास ठरवा (१४७ दिवस, रोज ३७ मिनिटं). त्यातले निदान ४० तास ३५० पानांच्या वरच्या पुस्तकांना. उरलेल्यात काहीही.

आणि सोडायचा नियम लिहून ठेवा. अर्धवट पुस्तकं उशाशी साठली की नवं घ्यायचा धीर होत नाही, जुनं संपत नाही, मग फोन हातात येतो. पन्नास पानं किंवा पुस्तकाचा सहावा हिस्सा, जे जास्त असेल ते वाचून झाल्यावर एकदाच ठरवायचं: पुढे किंवा परत. सोडलेल्याचे तासही हिशेबात धरायचे, नाहीतर न आवडलेलं पुस्तक आकड्यासाठी ओढत बसाल.

---

कोकणकडा२

ऐकलेली पुस्तकं धरायची का? आणि किंडलवर पानच दिसत नाही, टक्के दिसतात.

---

शाईचा_डाग

@कोकणकडा२, म्हणून तर तास. टक्के असले तरी वीस मिनिटांची चाचणी चालते: वीस मिनिटांत तीन टक्के गेले तर पुस्तक अकरा तासांचं.

ऐकलेलं धरा, पण वेगळ्या रकान्यात. तीनशे पानी कादंबरी साध्या वेगाने साधारण दहा तास चालते. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन कानाने छान जातं. ज्यात आकडे, सनावळ्या, नकाशे, वंशावळी आहेत ते कानाने नको. मागे जाऊन बघता येत नाही, तीन प्रकरणांनंतर कोण कुणाचा दत्तक ते कळेनासं होतं.

---

नुक्कड

हे सगळं वाचून प्रश्न पडला. वाचन हे काय वीजबिल आहे का, युनिट मोजायला? आवडीने वाचावं, नाही झालं तर नाही.

---

पानखूण

@नुक्कड, आवडीचं वाचन कोष्टकाबाहेरच ठेवायचं आहे. आपणहून होतं त्याचा संकल्प लागत नाही. रहस्यकथा, सदरं, मासिकं कुणीच मोजत नाही इथे. कोष्टकात तेच घालायचं जे करायचं मनात आहे आणि वर्षानुवर्षं होत नाही. अशी फार तर दोन कामं घ्या. या धाग्यावर पाच-पाच संकल्पांच्या याद्या येतात, त्यातलं शेवटपर्यंत कुठलं जातं ते दरवर्षी दिसतंच.

---

बोरूबहाद्दर

मोडी शिकणाऱ्यांसाठी लिहितो, कारण दर जानेवारीत दहा-बारा जण "यंदा मोडी" म्हणतात आणि जुलैत त्यांची तक्रार एकच असते: मुळाक्षरं येतात, पण कागद वाचता येत नाही.

कारणं तीन. पहिलं, तक्त्यावरची अक्षरं सुटी असतात आणि कागदावरची जोडलेली. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढतात आणि अक्षरं तिला लटकवतात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते दिसत नाही. विरामचिन्हं नाहीतच. दुसरं, बाराखडीत अक्षराचं रूपच बदलतं. नुसता "क" ओळखणाऱ्याला "का" ओळखू येईल असं नाही, आणि "र" तर जागेप्रमाणे रूपं बदलतो. तिसरं, लघुरूपं. "राजश्री" पूर्ण लिहिलेला फारसा भेटत नाही.

म्हणून सहा महिन्यांची वाट अशी ठेवा. पहिले सहा आठवडे फक्त बाराखडी, दिवसाला एक व्यंजन, हाताने लिहून, रेघ आधी ओढून. बोरू किंवा तिरप्या टोकाचं पेन असेल तर उत्तम, बॉलपेनने वळण समजत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार सोडून द्या, मोडीत इकार आणि उकार बहुधा एकेकच चालतो आणि अनुस्वार सर्रास गाळतात. "दिन" की "दीन" हे संदर्भावरून.

पुढचे सहा आठवडे इंग्रजी अमदानीतले छापील किंवा शिळाप्रेसवरचे मजकूर आणि एकोणिसाव्या शतकातली खरेदीखतं, गहाणखतं. त्यातला मजकूर ठरावीक असतो, पुढचा शब्द अंदाजाने कळतो. मग पेशवेकालीन पत्रं. शिवकालीन शेवटी, आणि घाईची शिकस्ता मोडी पुढच्या वर्षी. लोक उलटं करतात. महाराजांच्या काळातलं पत्र वाचायचं म्हणून शिकायला लागतात आणि पहिल्या महिन्यात तेच उघडतात!

पेशवेकालीन पत्र पहिल्या ओळीपासून अक्षर-अक्षर लावत बसू नका. पत्राचा साचा पाठ करा. वर "श्री". मग मायना: "राजश्री अमुक गोसावी यांसि, अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य…" मग "विनंती उपरी येथील कुशल तागायत छ…" अशी तारीख, मग "जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष." या "विशेष" नंतर खरा मजकूर सुरू होतो आणि "बहुत काय लिहिणे" किंवा "हे विनंती" ला संपतो. कागद हातात आला की आधी ही दोन ठिकाणं शोधा. साच्याच्या ओळीतला मजकूर तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणून त्या लेखकाची अक्षरं त्या ओळींवरून ओळखून घ्यायची: "विनंती" मधला व, न, त त्याने कसे काढलेत ते बघून वहीत उतरवा. प्रत्येक नव्या हातासाठी असा छोटा तक्ता करायचा. मग "विशेष" च्या पुढे जायचं.

हिशेबाच्या कागदात आकड्यापुढच्या उभ्या रेघा विसरू नका. एक रेघ पाव, दोन निम्मे, तीन पाऊण. ८ पुढे दोन रेघा म्हणजे साडेआठ. त्यांना दंड समजून सोडलं की बेरीज जुळत नाही.

मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, फॉन्ट आहेत, टंकता येते. पण फॉन्टवर सराव करून हस्तलिखित वाचता येत नाही, ते पुन्हा सुट्या तक्त्यासारखंच. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग होतात. वर्गाचा खरा फायदा मुळाक्षरं शिकण्यात नाही, मूळ कागदांची चित्रं आणि सोबत त्यांचं अचूक लिप्यंतर हातात पडतं त्यात आहे. एकट्याने शिकत असाल तर हीच जोडी मिळवा. लिप्यंतर झाकून दोन ओळी वाचायच्या, मग उघडून तपासायच्या.

एकक: ओळी. "मोडी शिकणे" हा संकल्प मोजता येत नाही. "रोज पेशवेकालीन पत्राच्या चार ओळी, तपासून" हा येतो.

---

ओवी_एक

बोरूबहाद्दर, केवढं लिहिलंत! "विशेष" चं सूत्र झकास.

---

सुट्टे_पैसे

ऑनलाइन कोर्सवाल्यांसाठी. एनपीटेलचं (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं) जुलैचं सत्र सुरू होतंय, त्यामुळे आत्ता वाचाल तर उपयोग आहे.

नावनोंदणी फुकट असते, म्हणून लोक तीन-तीन कोर्स घेतात. बारा आठवड्यांच्या कोर्सचे व्हिडिओ साधारण ३० तासांचे, म्हणजे आठवड्याला अडीच. पण टिपणं आणि असाइनमेंट धरून आठवड्याला पाच-सहा तास जातात. तीन कोर्स म्हणजे आठवड्याला पंधरा-अठरा. नोकरी सांभाळून एकच घ्या.

गुणांची वाटणी माहीत असू द्या: असाइनमेंट २५, परीक्षा ७५. बारा आठवड्यांत सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांत ६, चारात ३. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. म्हणजे एखादा आठवडा गेला तर कोर्स गेला असं नाही. गणपतीच्या आठवड्यात असाइनमेंट बुडाली म्हणून कोर्स सोडणारे बरेच असतात, त्यांना ही "सर्वोत्तम ८" ची सोय ठाऊकच नसते. मुदत संपलेली असाइनमेंट मात्र परत उघडत नाही.

परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिला फी असते, आणि तिची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. कोर्सला नाव आहे म्हणजे परीक्षेला आहे असं नव्हे. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, केंद्र लवकर निवडलं तर जवळचं मिळायची शक्यता जास्त.

व्हिडिओच्या लिखित प्रती मिळतात, काही कोर्सच्या मराठीतही. आधी प्रत चाळून मग व्हिडिओ सव्वापट वेगाने पाहिला तर वेळ वाचतो. नुसता व्हिडिओ पाहणं हे शिकणं धरू नका. एकक असाइनमेंट ठेवा.

---

कांजी_वडा

जपानीवाल्यांचं पण सांगते. एन५ (जेएलपीटी या जपानी परीक्षेची पहिली पायरी) डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, केंद्रांत पुणं आहे. फॉर्म दिवाळीच्या बऱ्याच आधी बंद होतात, तेव्हा तारखेवर आतापासून डोळा ठेवा.

उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ८०. पण भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी ३८, आणि ऐकण्याला ६० पैकी १९, हे किमान वेगळं. वाचन उत्तम असून ऐकण्यात अडकणारे बरेच. ऐकण्याचा मजकूर एकदाच वाजतो, परत ऐकायला मिळत नाही. त्यामुळे सराव करतानाही एकदाच ऐकून उत्तर द्यायचं.

एन५ ला साधारण ८०० शब्द आणि शंभरेक कांजी (जपानीतली चिनी चिन्हं) धरतात. जुलै ते नोव्हेंबरमध्यापर्यंत, पाचातला एक दिवस सोडून, ११० दिवस. रोज ७-८ नवे शब्द. शेवटचे दोन-तीन आठवडे नवं काही नाही, फक्त उजळणी.

आता अँकीवाल्यांची (अँकी म्हणजे शब्दकार्डांच्या उजळणीचं अॅप) नेहमीची रड: साठलेली कार्डं. अँकीत रोज २० नवी कार्डं हे आधीच ठरवून दिलेलं असतं. २० नवी म्हणजे काही आठवड्यांत रोज १४० ते २०० उजळण्या. लग्नकार्यात आठवडा गेला की हजाराच्या वर ढीग. ढीग बघून माणूस अॅपच उघडत नाही.

ढीग उपसायचा क्रम: नवी कार्डं शून्यावर आणा. रोजच्या उजळण्यांची मर्यादा २०० असते, ती १०० करा. उजळणीच्या क्रमात "आठवायची शक्यता जास्त असलेली आधी" असा पर्याय निवडा. जी अजून डोक्यात आहेत ती आधी वाचवायची, पूर्ण विसरलेली नंतर नव्यानेच शिकायची आहेत. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर अँकी आपणहून खूण करतं, ते तसंच दामटत बसू नका. ते कार्डच वाईट लिहिलेलं असतं. एका कार्डावर शब्द, तीन अर्थ आणि व्याकरण कोंबलेलं. फोडून दोन करा, सोबत एक वाक्य घाला. ढीग संपल्यावर नवी रोज ७, २० नाही.

आणि दुसऱ्याने बनवलेला ५००० शब्दांचा गठ्ठा उतरवून घेऊ नका. कुणीच तो संपवत नाही.

---

परदेशी_पाटी

मुलीला (वय ९, जन्म अमेरिकेतला) मराठी वाचायला शिकवायचा संकल्प होता. बोलते छान. अ-आ-इ चा तक्ता पाठ झाला आणि गाडी तिथेच थांबली. पुढे काय?

---

तळटीप

तक्ता हा क्रम लावायला चांगला, वाचायला शिकवायला नाही. अ ते ज्ञ पूर्ण होईपर्यंत एकही शब्द वाचायला मिळत नाही, मूल कंटाळतं. अक्षरं गटांनी घ्या. पहिला गट क म ल र न. एवढ्यात कमल, नमन, नरम, मन, कर, नकल असे शब्द होतात. मग ग त प स ब: गरम, सरबत, परत, नगर, बस. मग फक्त काना, आणि तेवढ्यावर दोन आठवडे: "काका गाल लाल कर" छापाची वाक्यंसुद्धा चालतील, मुलं हसतात आणि वाचतात. त्यानंतर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा. पहिली वेलांटी सगळ्यांत शेवटी, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. इंग्रजी वाचणारं मूल तिथे हमखास "कि" ला उलटं वाचतं. जोडाक्षरं त्याही नंतर.

बोलते छान ही अर्धी लढाई आहे, वाचलेला शब्द तिला ओळखीचा वाटेल. रोमन लिपीत मराठी लिहून मदत करू नका, डोळा तिकडेच जातो. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, छापून घ्या. रोज दहा मिनिटं, शनिवारी दोन तास नव्हे. वर्षअखेरचं उद्दिष्ट: दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला धडा अडखळत का होईना एकटीने वाचणं.

---

फराळ

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दिवाळी अंक. मोठ्या ग्रंथांचं वेळापत्रक करताना दिवाळीनंतरचा महिना मोकळा ठेवा. ग्रंथालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ठरावीक रक्कम भरली की पुढचे तीन-चार महिने अंक बदलून नेता येतात. ज्यांनी ती भरली आहे त्यांचा जाड ग्रंथ नोव्हेंबरात हलत नाही, दरवर्षी. सरळ १४७ मधून २५ वजा करा किंवा अंकांचे तास कोष्टकात घ्या.

पावसाळ्यापुरतं अवांतर: ग्रंथालयाच्या पुस्तकात चिकटपट्टीचे रंगीत तुकडे लावून ठेवू नका. दमट हवेत डिंक पानाला धरतो आणि जुना कागद ओढला की फाटतो. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या घाला.

---

घाटावरचा

@बोरूबहाद्दर, एक शंका. घरच्या जुन्या पत्रात "छ" नंतर आकडा आणि महिना लागला, पण सालाच्या जागी "इसन्ने सितैन मया अलफ" आहे. हे सनात कसं आणायचं?

---

बोरूबहाद्दर

हा सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना), अरबी अंकशब्दांत. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, मग हजार. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. घोटाळा बहुधा सबा आणि सबैन, सलास आणि सलासीन यांत होतो, म्हणून जागा बघायची, नुसता शब्द नाही.

तुमचं साल २ + ६० + १०० + १००० = ११६२. वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. म्हणजे तुमचं पत्र जून १७६१ ते मे १७६२ मधलं. ताळा करून बघा: पानिपत १४ जानेवारी १७६१, सुहूर सन इहिदे सितैन मया अलफ म्हणजे ११६१, अधिक ६००.

"छ" नंतरचा महिना हिजरी असतो, तो कुठला लागलाय ते सांगा, म्हणजे इंग्रजी महिनाही काढता येईल.

---

घाटावरचा

"रबिलावल" लागतोय. तारीख ७ किंवा ९, शाई फुटलीय.

---

बोरूबहाद्दर

त्या वर्षी रबिलावल ऑक्टोबर १७६१ मध्ये पडतो. ७ आणि ९ मध्ये अडलं असेल तर त्याच पत्रात दुसरीकडे कुठे आकडा आहे का बघा, रक्कम, माणसं, काहीही. त्याच हाताचा ७ किंवा ९ सापडला की शेजारी ठेवून ताडता येईल. पत्राचा वरचा भाग झाकून, फक्त तारखेच्या ओळीचा आणि त्या आकड्याचा फोटो टाका.